टायरांना खोबरेल

दसऱ्याच्या सकाळी मी माझ्या दादाच्या शर्यतीच्या गाडीच्या चारही टायरांना खोबरेल तेल चोळलं. शर्यत दुसऱ्या दिवशी होती. गाडी म्हणजे माणसं बसतात ती नव्हे. हातभर लांबीची, बॅटरीवर पळणारी, लांब उभं राहून हातातल्या रेडिओच्या पेटीनं चालवायची. पण तिचे टायर खऱ्या रबराचे होते, मऊ आणि नाजूक. मी ते तेल अगदी मन लावून, बोटाच्या टोकानं, नक्षीच्या फटीफटीत शिरवलं आणि मग फडक्यानं पुसून चकाकी आणली. ज्यांना अशा गाड्यांतलं कळतं त्यांनी इथेच कपाळावर हात मारला असेल. ज्यांना कळत नाही त्यांनी तळपायांना तेल चोळून गुळगुळीत लादीवर एक वळण धावून बघावं, आणि हाड जुळलं की मला कळवावं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि महाडात आपल्याइतकं डोकं कुणाला नाही अशी माझी पक्की समजूत होती. बारावीला रसायनशास्त्रात नापास झाले होते, पण त्यात चूक रसायनशास्त्राची आहे असं मी मानत असे. लांब वेणी पुढे घेऊन चालायचं आणि कुणी काही सांगू लागलं की त्याचं वाक्य आपणच पुरं करून द्यायचं, असा माझा खाक्या. आज माझी नात हेच करते तेव्हा तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो. मग आठवतं की माझ्या तोंडावर कुणी ठेवला नव्हता, आणि ठेवायला हवा होता.

आमचे अण्णा शिंपी. बाजारपेठेतल्या गल्लीत आमचं घर होतं आणि घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. सकाळी चहाच्या आधी मशीनचा आवाज सुरू व्हायचा. पायटा खाली गेला की खर्र, वर आला की जरा थांबून पुन्हा खर्र. त्या आवाजावरून आईला स्वयंपाकघरात कळायचं की अण्णा पँट शिवताहेत की झंपर, आणि रागात आहेत की बरे आहेत. सावित्रीचं पाणी गल्लीत शिरायचं म्हणून दुकानावर मोठा माळा होता. आषाढ लागला की मशीन, कापडाचे तागे, इस्त्री सगळं दोरानं वर चढवायची तयारी ठेवायची. मागे पडवी, तिची जमीन सिमेंटची, आणि पडवीपुढे अंगण. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, बुधवारी-शुक्रवारी सुकटीची चटणी, तिच्या वासानं गिऱ्हाईक माप देता देता म्हणायचं, “अण्णा, आत काय चाललंय?” अण्णा म्हणायचे, “हात वर करा, छातीचं घेतो.”

वसंतदादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत फिटर होता. वर्षातून एकदा यायचा, साबणाचा वास घेऊन यायचा आणि सगळ्यांना हसवून जायचा. एका खेपेला तो वेळेच्या आधीच आला. वीर स्टेशनवरून रिक्षानं आला, आणि उतरताना त्यानं पैसे डाव्या हातानं काढले. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला होता. यंत्रात सापडला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं, उरलेली दोन राहिली होती पण वाकत नव्हती. अंगठा मात्र जसाच्या तसा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पकड येणार नाही. फिटरला पकड नाही म्हणजे काय, ते घरात कुणाला समजावून सांगायला लागलं नाही.

त्यानंतर दहा महिने दादानं घराचा उंबरा ओलांडला नाही. पडवीत भिंतीला टेकून बसायचा, हातावर टॉवेल टाकून. कुणी भेटायला आलं की झोपल्याचं सोंग करायचा. शर्टाची बटणं आई लावून द्यायची आणि तो त्या वेळी छपराकडे बघायचा. अण्णांनी त्याच्या सगळ्या पँटींचे उजवे खिसे उसवले आणि चार बोटं जास्त खोल करून शिवले, हात पुरा आत जावा म्हणून. मला ते तेव्हा दिसलं आणि मी म्हणाले, “अण्णा, हा खिसा चुकून मोठा झाला काय?” असं माझं डोकं.

गाडीचा खोका माळ्यावर पडला होता. हात धड असताना दादानं जपानच्या एका बंदरात ती घेतली होती, सुट्या भागांची, आपण जोडायची. मी माळा झाडायला चढले आणि न विचारता खोका खाली आणला. आत पिशव्यांमध्ये शेकडो बारीक स्क्रू, स्प्रिंग, दांड्या, आणि जपानीत छापलेलं चित्रांचं पुस्तक. मी ते पडवीत मांडलं आणि घोषणा केली की मी जोडते. अण्णांकडे काजं करून करून माझी बोटं बारीक कामाला तयार होती, एवढं खरं. पहिल्या दिवशी मी मागची चाकं पुढे लावली. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तासाभरानं तसाच पडल्या पडल्या म्हणाला, “शाले, ती गाडी मागं जायला बनवतेस काय?”

मग तो उठून बसला. त्यानं सांगायचं, मी करायचं. तो डाव्या हाताच्या बोटानं दाखवायचा, मी स्क्रू पिळायची, आणि जास्त पिळला की “बास बास, गळा दाबतेस काय त्याचा” असं म्हणायचा. आठ दिवसांत गाडी उभी राहिली. चालवायच्या पेटीला दोन दांड्या होत्या, बोटभर उंचीच्या. डावी पुढे ढकलली की वेग, उजवी सरकवली की वळण. दोन्ही अंगठ्यानं चालवायच्या. दादानं पेटी मांडीवर घेतली, टॉवेल बाजूला केला, उजवा अंगठा दांडीवर ठेवला आणि बराच वेळ नुसता ठेवून बसला. नंतर म्हणाला, “हे दोन अंगठ्यांचंच काम हाय गो.” आई सांडगे वाळत घालत होती, ती तिथेच वाकून राहिली. दुकानातलं मशीनही थांबलं होतं.

गाडी पळवणं सोपं असतं, ती वळणावर धरून ठेवणं अवघड, हे मला दादानं शिकवलं. पडवीच्या सिमेंटवर जी गाडी शहाण्यासारखी वळायची, तीच अंगणात मातीवर गरगर फिरून पडायची. गल्लीतल्या खडबडीत डांबरावर टोळासारख्या उड्या मारायची. नदीकाठच्या वाळूची मी बादली आणून अंगणात पसरली, तिच्यात तर नाक खुपसून बसली. मला वाटायचं गाडीत खोट आहे. दादा म्हणायचा, “गाडीचं माप नंतर घे. आधी जमिनीचं घे.” मग मी अण्णांची एक जुनी मापाची वही घेतली आणि त्यात गाडीची मापं लिहू लागले. गळा, खांदा, छाती, कंबर असे रकाने छापलेलेच होते. गाडी जमिनीपासून किती उंच, ते मी ‘कंबर’ खाली लिहायची. पुढचे स्प्रिंग ‘खांदा’, मागचे ‘बैठक’. गिऱ्हाइकांच्या मापांमध्ये ती पानं शिरली आणि एकदा अण्णांनी एका मास्तरांच्या पायजम्याची कंबर पाऊण इंच वाचली.

चाकांपाशी चार नळ्या होत्या, त्यांत तेल असायचं. गाडी दचकली की ते तेल दणका गिळायचं. बारक्या दोन बाटल्या खोक्यात आल्या होत्या, एक दाट, एक पातळ. खडबडीत जमिनीला पातळ, म्हणजे चाक झटकन वर-खाली होऊन जमीन सोडत नाही; गुळगुळीत जमिनीला दाट, म्हणजे गाडी वळताना डुलत नाही. नळी भरताना थेंब जरी टायरावर पडला तरी दादा ओरडायचा. पेट्रोलच्या बोळ्यानं पुसायला लावायचा. “तेल पोटात, शाले. पायाला नको.” हे वाक्य त्यानं मला निदान वीस वेळा ऐकवलं असेल. त्यातल्या निदान पंधरा वेळा मी ते त्याच्या आधी पुरं केलं होतं.

भाद्रपदात पोलादपूरचा जगदीश सफारीचं माप द्यायला आला. आखातात चार वर्षं काढून आलेला, मनानं मोकळा, आवाजानं त्याहून मोकळा. पडवीतून गाडीचा आवाज आला तसा तो अण्णांच्या टेपसकट आत आला. “आयला, माझ्याकडं पण हाय अशी. तालुक्यात मी एकटाच समजत होतो.” दादाला झोपेचं सोंग करायला वेळ मिळाला नाही. पेटी हातात होती आणि हात उघडा होता. जगदीशनं हाताकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि गाडीबद्दलच बोलत राहिला. जाता जाता म्हणाला, “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या की पोलादपुरात. मामाच्या भातगिरणीचं आवार मोकळं असतं. दोघांच्या लावू. पाच फेऱ्या.”

“येतो,” दादा म्हणाला. जगदीश गेल्यावर त्यानं मला विचारलं, “माणसं किती असतील गो तिथं?” मी म्हणाले, पाच-दहा. मला काय माहीत होतं? पण तो ‘येतो’ म्हणाला होता, दहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि घरात त्या एका शब्दावर सगळं चालू लागलं. आई रोज देवापुढे त्याच शब्दाची आठवण करून द्यायची, देव विसरला असेल तर. अण्णांनी नवा शर्ट बेतला. मला म्हणाले, काजं करू नकोस. त्यांनी पुढच्या पट्टीला टिचबटणं लावली, वरून दिसायला साधी बटणं शिवली. दादानं तो शर्ट घालून बघितला आणि एका अंगठ्यानं, टिच टिच टिच, खालपासून वरपर्यंत स्वतः बंद केला. अण्णा टेप गळ्यात घालून उगाच खांद्याची शिवण तपासत राहिले.

जमिनीचं माप घ्यायला मी आईला घेऊन पोलादपूरला गेले. मावशीकडे जायचं निमित्त. गिरणीच्या आवारात मी चपला काढून अनवाणी चालले, टाचेनं दाबून, अंगठ्यानं खरवडून. मावशी आईला म्हणाली, “हिला काही झालंय काय?” अर्धं आवार सिमेंटचं होतं, भात वाळवायचं, पायांनी घासून घासून ताटासारखं झालेलं, वर तुसाची पिठासारखी धूळ. उरलेलं अर्धं मुरमाचं, घट्ट, पण मध्ये मध्ये सुटे खडे. मी मुरूम रुमालात बांधला, तूस कागदाच्या पुडीत. घरी येऊन पडवीच्या सिमेंटवर तूस भुरभुरलं, अंगणात मुरूम पसरला, मध्ये फळी टाकली, आणि झालं आमचं पोलादपूर.

तीन आठवडे आम्ही दुसरं काही केलं नाही. मऊ स्प्रिंग ठेवले तर सिमेंटवर गाडी एका अंगावर कलायची. ताठ ठेवले तर मुरमावर नाचायची. एकीला बरं करावं तर दुसरी रुसते, दोन सुनांच्या घरासारखं. शेवटी दादानं तोड काढली. पुढे जरा ताठ, मागे मऊ. म्हणजे मागची बाजू सुटत नाही. बॅटरी अर्धा इंच मागे. तेल पातळ. राहिले टायर. काटेरी टायर मुरमाला उत्तम, पण सिमेंटवर काट्यांवर डुगडुगायचे. “काटे अर्धे कापले पाहिजेत,” दादा म्हणाला. मी दुकानातून अण्णांची मोठी कात्री उचलली आणि कापले. एकशे वीस काटे, प्रत्येक एकसारखा.

शिंप्याच्या घरात कापडाच्या कात्रीनं कागदसुद्धा कापत नाहीत. रबर कापलेलं मी तरी तोवर ऐकलं नव्हतं. संध्याकाळी अण्णांनी टेरिकॉटवर कात्री चालवली आणि ती कापड चावू लागली. त्यांनी कात्री नाकाजवळ नेली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली ठेवली. दोन दिवस बोलले नाहीत. मशीनचा आवाज पण असा येत होता की आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, “ऐक. तुझ्याच नावानं शिवताहेत.”

म्हणून दसऱ्याला मी प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे त्या दिवशी काम बंद, हत्यारांची पूजा. पहाटेच उठून मी कात्र्या धुतल्या, मशीन उघडून पुसलं, इस्त्रीची राख काढली, टेप, गज, बोटात घालायचं अंगुस्तान, सगळं पाटावर मांडलं. लोखंडावर तेलाचा हात फिरवायचा, मग हळद-कुंकू, मग झेंडूचं फूल. आई आत लाल भोपळ्याचे घारगे तळत होती, घरभर तुपाचा आणि उदबत्तीचा वास. विळी झाली, कोयता झाला, सायकल झाली. सायकलच्या रिमनाही मी तेल लावलं. पुढे गाडी होती. तिलाही पाटावर मानाची जागा दिली होती. माझा हात बाटलीत, बाटलीतून गाडीवर. टायर बिचारे मुरमाच्या धुळीनं पांढुरके झाले होते, उद्या चार लोकांत जायचं, आणि मी त्यांना काळं कुळकुळीत केलं. वीस वेळा ऐकलेलं ते वाक्य मला एकदाही आठवलं नाही. हात आपला चालू होता. अण्णांनी पाटाकडे पाहिलं आणि दोन दिवसांनी पहिलं वाक्य बोलले, “छान मांडलंस.” मला रडू आलं. आजही कुणी मला ‘छान केलंस’ म्हणालं की माझी बोटं आपोआप एकमेकांवर घासली जातात, काही चिकटलंय का बघायला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो. दादा टिचबटणांचा शर्ट घालून, उजवा हात खोल खिशात. मी गाडी मांडीवर घेऊन, नव्या नवरीसारखी. बसमध्ये अजूनही आपट्याचं देणं-घेणं चालू होतं. एकानं दादासमोर पान धरलं. त्यानं क्षणभर थांबून ते डाव्या हातानं घेतलं आणि हसला. मी ते हसू बघितलं आणि मनात शर्यत जिंकून टाकली.

आवारात पाच-दहा नव्हे, शंभर तरी माणसं होती. भिंतीवर, पोत्यांवर, उभ्या ट्रॅक्टरवर. दादा फाटकापाशी थांबला. मला वाटलं आता मागे वळतो. पण जगदीशनं लांबून हाक मारली, “वसंत, ये रे, तुझ्याचसाठी थांबलोय,” आणि तो आत गेला. सगळ्यांसमोर त्यानं खिशातून हात काढला आणि पेटी धरली. थोडी कुजबुज झाली, मग थांबली. आमच्याकडे बॅटरी एकच, दहा मिनिटं टिकणारी, म्हणून आधी चालवून बघायचा प्रश्नच नव्हता. मी गाडी रेघेवर ठेवली आणि आजूबाजूच्या बायकांना सांगितलं की बघा आता, पुढे ताठ, मागे मऊ.

सरळ रेषेत आमची गाडी बाणासारखी गेली. पहिल्या वळणावर सिमेंटवर तिनं वळायचं नावच घेतलं नाही. तशीच सरळ जाऊन पोत्यावर आदळली. लोक हसले, वाईट मनानं नव्हे, हसण्यासारखंच होतं. दादानं ती मागे घेतली, पुन्हा काढली. मुरमावर मागची बाजू निसटली, दोन गिरक्या घेऊन उलट तोंडानं उभी राहिली. तेलकट टायरांवर तूस आणि धूळ बसून त्यांच्यावर पिठासारखा लेप चढला होता, पण ते मला इतक्या लांबून कुठलं दिसायला. दादा वेग कमी करून बघत होता, आधीपासून वळवून बघत होता, त्याला येत होतं नव्हतं ते सगळं करत होता. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीत मला दिसलं की तो गाडीकडे बघतच नाहीये. तो आपल्या अंगठ्याकडे बघत होता.

ट्रॅक्टरवरचा एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, “राव्हं द्या की आता. हातानं अधू हाय तो.” दयेनंच म्हणाला. दादानं पेटी पोत्यावर ठेवली आणि हात खिशात घातला.

मी धावत जाऊन गाडी उचलली. उचलताना बोट टायरावरून सटकलं. मी बोट नाकाजवळ नेलं. माझ्याच वेणीचा वास आला. तिथे, त्या शंभर माणसांत, मला सगळं कळलं, आणि मी वळले ती सांगायलाच वळले. दादा समोर उभा होता. जगदीश म्हणत होता, “अरे, काहीतरी बिघडलंय, बघून पुन्हा लावू.” दादा म्हणाला, “गाडी ठीक हाय. हाताचंच होतं ते.” दोघंही माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “चहा घ्यायचा का?”

तेलाची चूक मी हसत सांगते, लग्नाकार्यात सुद्धा सांगितली आहे. ही चहाची मात्र आज पहिल्यांदा लिहिते.

घरी येऊन दादानं गाडी खोक्यात घातली आणि मला म्हणाला, माळ्यावर टाक. नवा शर्ट खुंटीला लागला आणि तिथेच राहिला; सकाळी आईनं जुन्या शर्टाची बटणं लावली, तो छपराकडे बघत उभा. टॉवेल परत हातावर आला. जेवताना तो डाव्या हातानं भाकरी मोडायला बसला तेव्हा उजवा अंगठासुद्धा लावत नव्हता; आधी लावायचा, भाकरी दाबून धरायला. आता ती ताटात इकडून तिकडे सरकायची आणि आम्ही तिघं आपापल्या ताटात बघायचो. एकदा मी पाणी द्यायला गेले तर तो टॉवेलाखालच्या हाताशी पुटपुटत होता. मला वाटलं मंत्र म्हणतोय. शिव्या होत्या, जहाजावरच्या, अर्ध्या मला कळल्या नाहीत.

मी रोज ठरवायची की आज सांगायचं. सकाळी ठरवायची, दुपारी म्हणायची की जेवू दे त्याला, संध्याकाळी म्हणायची की उद्या. माळ्यावर जाऊन खोका उघडून टायर हुंगायची, न जाणो वास गेला असेल तर सांगायची गरजच नाही. वास जात नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी मी आईला सांगितलं. ती वाल सोलत होती. सगळं ऐकून घेतलं, सोललेला वाल वाटीत टाकला आणि म्हणाली, “मला कशाला सांगतेस? मी गाडी चालवत होते काय?”

मी माळ्यावर चढले, एक टायर काढला आणि पडवीत जाऊन दादाच्या समोर ठेवला. सांगितलं. दसऱ्याचा पाट, बाटली, सगळं. गिरणीच्या आवारातच कळलं होतं हेही सांगितलं, ते सांगताना मात्र जमिनीकडे बघत होते. दुकानातलं मशीन थांबलं. दादानं डाव्या हातानं टायर उचलला, हुंगला, नखानं खरवडला, नखाखालचं काळं मेण निरखलं. मी माराची वाट बघत होते. त्यानं मला कधी मारलं नव्हतं, पण सुरुवात करायला तो दिवस चांगला होता. रडत रडत म्हणाले, “दादा, माफ कर ना रे.”

त्यानं टॉवेल काढून बाजूला टाकला. तो हात, दोन बोटं नसलेला, माझ्या नाकासमोर उजेडात धरला. आणि म्हणाला,

“माझी कशाला मागतेस? चार दिवस मी ह्याला नाय नाय त्या शिव्या घातल्या. ह्याची माग.”